‘पित्ताशयाला सूज, खडे नाहीत’ : डेंग्यूच्या दिवसांत असा रिपोर्ट आला तर

पावसाळा सरता सरता ठाणे, कल्याण, डोंबिवलीत डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि सोनोग्राफीचा एक ठरावीक रिपोर्ट वारंवार दिसू लागतो. पित्ताशयाची भिंत जाड, भोवती थोडं पाणी, खडे नाहीत. खाली लिहिलेलं असतं, ‘अकॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस’. पंचविशीतल्या मुलाचा असा रिपोर्ट पाहिला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, ऑपरेशन करावं लागेल का?”

डेंग्यू असेल तर बहुतेक वेळा नाही. ही भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत जाड असते. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांमधून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, झिरपतो. तो पोटात, छातीत साठतो, तसाच या भिंतीतही मुरतो. झिरपणं थांबलं की सूज आपोआप उतरते. उलट प्लेटलेट कमी असताना घाईने शस्त्रक्रिया केली तर रक्तस्रावाचा धोका. माझ्या मते हा रिपोर्ट सर्जनपेक्षा आधी फिजिशियनला सावध करणारा आहे: झिरपणं सुरू झालंय, सलाईन मोजून द्या, हिमॅटोक्रिट पाहत राहा.

ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका. धोक्याचा काळ अनेकदा तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात सुरू होतो. पोट सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका.

आता दुसरी बाजू. खडे नसतानाही पित्ताशय सडू शकतं. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात २०२१च्या जून ते ऑगस्टदरम्यान कोविडमधून बरे झालेले असे पाच रुग्ण आले. त्यांतला सर्वांत तरुण ३७ वर्षांचा. पाचही जणांचं पित्ताशय काढावं लागलं. टायफॉइडमध्ये, किंवा आयसीयूत बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णातही ही सूज गंभीर होऊ शकते. तिथे थांबून चालत नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारा: डेंग्यूची तपासणी झाली का? पांढऱ्या पेशी वाढल्यात का? प्रोब दाबल्यावर नेमकं पित्ताशयावरच दुखतंय का? डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात. त्या वाढत असतील आणि उजव्या बरगडीखालचं दुखणंही वाढत असेल, तर सर्जनचं मत त्याच दिवशी घ्या.