अभियंता होण्याच्या वाटा

आज १५ सप्टेंबर, अभियंता दिन. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या प्रतिमेला ठिकठिकाणी हार घातले जातील. भाषणांत खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे येतील, कृष्णराजसागर येईल. ते शिकले कसे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. विश्वेश्वरय्या आधी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारच्या मदतीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत आले आणि १८८३ साली स्थापत्य अभियांत्रिकीच्या एल.सी.ई. परीक्षेत पहिले आले. बी.ई.ची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पुढचे शिक्षण मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशिक-खानदेशातल्या कामांवर झाले.

आपल्या घरांत मात्र आज एकच वाट धरली जाते: अकरावी-बारावी सायन्स, क्लास, सीईटी नाहीतर जेईई, मग कॅप राउंड आणि शक्यतो कॉम्प्युटर. ‘दहावीला मार्क कमी पडले, म्हणून डिप्लोमाला टाकला,’ हे आईवडील खाली मान घालून सांगतात. ही मान खाली जाण्याचे काहीही कारण नाही, असे आम्हाला ठामपणे वाटते.

साधा हिशेब पाहा. दहावीनंतर दोन वर्षे बारावी आणि चार वर्षे पदवी, एकूण सहा. तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात गेले, तरी सहाच. डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो आणि पुढे पदवीसाठी सीईटीही द्यावी लागत नाही. दोन वर्षांचा आयटीआय करून फिटर किंवा टर्नर झालेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडा आहे. त्याला एक वर्ष जास्त लागते, एवढेच. शिवाय मधेच घरची ओढाताण झाली, तर डिप्लोमावाल्याला नोकरी धरता येते. नुसत्या बारावीवर ते कठीण. आणि सोळाव्या वर्षी लेथसमोर उभ्या राहिलेल्या मुलीला किंवा मुलाला हे काम आपल्याला आवडते की नाही, ते पदवीची फी भरण्याआधी कळते. आमच्या मते हा लाभ सर्वांत मोठा.

अडचण आहे ती गणिताची. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांचे पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित झालेले नसते आणि समोर एकदम एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सत्राचे गणित येते. हातात कसब असलेली हुशार मुले तिथे अडखळतात, विषय मागे राहतात आणि ‘डिप्लोमावाले कच्चे’ हा शिक्का बसतो. अशा मुलांसाठी सत्र सुरू होण्याआधी महिनाभर गणिताचे वर्ग प्रत्येक महाविद्यालयाने घेतलेच पाहिजेत, आणि तेही अनुभवी प्राध्यापकांनी.

यंदा ज्यांच्या घरी दहावी आहे, त्यांच्या हातात जूनपर्यंतचा वेळ आहे. जवळच्या तंत्रनिकेतनात एकदा मुलांना घेऊन जावे. इमारत आणि जाहिरातीतले पॅकेजचे आकडे बाजूला ठेवून थेट वर्कशॉप पाहावे. यंत्रे चालू आहेत का? मुलांचे हात त्यांना लागतात का? शिक्षक कायम आहेत, की सगळा कारभार तासिका तत्त्वावर चालला आहे? शेवटच्या वर्षातल्या दोन-चार मुलांशी बोलावे. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर भरावा.