हातोडी सर्वांत शेवटी

पुष्कळ मराठी देवघरांत शाळिग्राम असतो. गंडकीच्या पात्रातून आलेल्या या काळ्या, गुळगुळीत दगडातली चक्राची खूण म्हणजे अमोनाइट नावाच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्याच्या वेटोळ्या कवचाचा ठसा होय. याच कुळातल्या प्राण्यांचे जीवाश्म दक्षिण इंग्लंडात, डॉर्सेट परगण्यातल्या लाइम रीजिस आणि चारमथ या गावांच्या किनाऱ्यावर अक्षरशः पायाशी येतात. तिथले खडक सुमारे एकोणीस-वीस कोटी वर्षांपूर्वीचे. लेक-जावई किंवा मुलगा-सून तिकडे असले, की आपल्याकडचे आजी-आजोबाही नातवंडांचे बोट धरून या किनाऱ्यावर जातात. निघण्यापूर्वी घरात चर्चा रंगते ती एकाच गोष्टीची: हातोडी कोणती घ्यायची?

आमचे म्हणणे असे, की हातोडी यादीत सर्वांत शेवटी लिहावी.

पहिला मान भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाचा. इथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला ठिसूळ कडा. भरती चढली की परतीची वाट बंद होते. म्हणून पाणी उतरू लागल्यावर निघावे आणि ते पुन्हा चढण्यापूर्वी माघारी वळावे. डोक्यावर शिरस्त्राण असले म्हणजे कड्याखाली बसायला हरकत नाही, हा समजही खोटा. दरड कोसळली तर त्याचा काय पाड लागणार? कड्यापासून लांब राहणे हाच खरा उपाय.

मेरी अ‍ॅनिंग (१७९९–१८४७) ही लाइम रीजिसच्याच एका गरीब सुताराची मुलगी. १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाची कवटी सापडली आणि उरलेला सांगाडा जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या मेरीने शोधून काढला. पुढे १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा सांगाडाही मिळवला. १८३३ मध्ये मात्र अचानक दरड कोसळली आणि तिचा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली. सारा जन्म त्या किनाऱ्यावर घालवलेल्या बाईची ही कथा. मग एका दिवसाच्या पाहुण्यांनी किती जपायला हवे!

दुसरे साधन आपले डोळे. पितळेसारखे चमकणारे छोटे अमोनाइट आणि बंदुकीच्या गोळीसारखे दिसणारे बेलेम्नाइट तिथे गोट्यांमध्ये सुटे पडलेले असतात. वादळी लाटांनी किनारा धुऊन काढला, की नवे नमुने उघडे पडतात. ते टिपायला घाव नव्हे, धीर लागतो. या कामी मुलांची नजर आपल्यापेक्षा तेज, शिवाय ती जमिनीच्या अधिक जवळ! सोबत एक भिंग आणि पायांत चिखल सोसणारे गमबूट असले म्हणजे झाले.

तिसरे साधन जुनी वर्तमानपत्रे, लहान डबी, वही आणि पेन्सिल. नमुना कागदात गुंडाळावा आणि कुठे व कधी मिळाला, त्याची चिठ्ठी तिथेच आत घालावी.

आता हातोडी. कठीण चुनखडीच्या गोळ्यांतही जीवाश्म दडलेले असतात, तेव्हा ती निरुपयोगी नाही. पण घरातली खिळे ठोकायची हातोडी नेऊ नये. दगडावर मारता तिचीच ढलपी उडून डोळा जायची भीती. भूशास्त्राच्या कामाची पोलादी हातोडी घ्यावी आणि तिच्याआधी डोळ्यांवर घालायचा संरक्षक चष्मा घ्यावा. घाव घालायचा तो खाली पडलेल्या सुट्या दगडावरच. कड्याला हात लावायचा नाही.

यावर कोणी म्हणेल, लाटा नाहीतरी या जीवाश्मांचा चुराच करणार, मग आपण चार उचलले तर काय बिघडले? उचलण्यात काहीच बिघडत नाही. वेळीच न उचलल्यास कित्येक नमुने समुद्रच गिळून टाकील, हेही खरे. मात्र कुठून आणला याची नोंद नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने मुका होतो. समुद्राच्या हातून वाचलेला दगड आपल्या कपाटात येऊन मुका झाला, तर आपण वाचवले ते काय? महत्त्वाचे काही मिळाले तर तिथल्या जाणकारांना दाखवून त्याची नोंद करावी, अशी त्या किनाऱ्याची रीतच आहे. २००१ पासून जागतिक वारसा ठरलेल्या या जागेचे एवढे देणे आपण लागतोच.

आपल्या देवघरातला शाळिग्राम पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत गेला, पण त्याचे गाव कोणी विसरले नाही. तो गंडकीचा, हे घरातले पोरही सांगते. नातवाच्या डबीतल्या अमोनाइटलाही असेच गाव हवे. ते त्याला हातोडी देत नाही, चार ओळींची चिठ्ठी देते.