आधी पाळ, मग जिप्सी

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला उतरणाऱ्या पर्यटकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाघ दिसेल का? मग तो जिप्सीत बसतो, तासन्‌तास धूळ खातो आणि परतताना तलावापाशी सेल्फीपुरता थांबतो. हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी तलाव, तोही पायी.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ चा. तलाव मात्र या दोन्हींहून कितीतरी जुना. डोंगरांमधली वाट अडवून तो अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. म्हणजे हिवाळ्यात इथे उतरणाऱ्या बदकांचे यजमानपद मुळात शेतकऱ्यांकडे आहे, कारण पाणी अडवले गेले ते धानासाठी आणि उसासाठी.

सकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालू लागले की एका बाजूला अडई, हळदीकुंकू बदके, पंख वाळवत बसलेले पाणकावळे आणि पानांवरून लगबगीने जाणारे कमळपक्षी. दुसऱ्या बाजूला ऐन, धावडा, मोह. अस्वलाने उकरलेले वारूळ किंवा चिखलात उमटलेला गव्याचा खूर गाडीतून सहसा नजरेत येत नाही. त्यासाठी वाकावे लागते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांच्या लेखनात हे रान उतरले, ते अशाच पायी भटकंतीतून. माधवराव पाटलांसारखा जाणकार गावकरी सोबत होता, हेही विसरता येत नाही.

पायी फिरणे धोक्याचे, असे कोणी म्हणेल. आहेच. म्हणूनच सोबत वनरक्षक हवा आणि ढीवर समाजातला वाटाड्याही. या समाजाची कमाई तलावातल्या मासळीवर. भंडारा-गोंदियातल्या अनेक तलावांना बेशरमाच्या झुडपांनी वेढले, तेव्हा ती उपटून स्थानिक पाणवनस्पती लावायला ढीवर बाया चिखलात उतरल्या. मासे परतावेत हा त्यांचा हेतू होता. त्याच वनस्पतींत पक्ष्यांनाही चारा आणि आडोसा मिळतो. पर्यटनाचा पैसा गाड्यांच्या फेऱ्यांत फिरत राहतो, त्यातला वाटा या हातांत का जाऊ नये?

शिवाय या जिल्ह्याचा सर्वांत मोलाचा पक्षी तर उद्यानाच्या फाटकाबाहेर राहतो. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात, मोजक्या संख्येने, आणि पावसाळ्यात घरटे करतो तेही बहुधा धानाच्या बांधीत. त्याच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाचे आदेश निघतील. अंड्यांभोवतीचे धान कापायचे की ठेवायचे, हे मात्र त्या बांधीचा मालकच ठरवणार. तेव्हा वन विभागाने पाळीवरची ही पायवाट आखताना ती फाटकाशी थांबवू नये, धानाच्या बांध्यांपर्यंत न्यावी. सारस दुरूनच दाखवावा आणि घरट्यापुरते पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे प्रवेश शुल्कातूनच द्यावेत.