अपवाद केव्हां फेंकावा?

हल्लीं अनेक सुशिक्षित कुटुंबांतील मुलगे, मुली व सुना संगणकाच्या आज्ञावली लिहितात. त्यांच्या बोलण्यांत ‘एक्सेप्शन’ हा शब्द वारंवार येतो. हा आपला अपवादच. मात्र व्याकरणांतील अपवाद सूत्रांत सांगितलेला असतो, येथें तो ‘फेंकला’ जातो. केव्हां फेंकावा, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. आमचें मत असें.

आज्ञावलींत एकेक काम करणाऱ्या भागास ‘फंक्शन’ म्हणतात. त्याच्या हातीं अशुद्ध माहिती आल्यास मार्ग दोन. ‘हें चुकलें’ असें उत्तर परत द्यावें, अथवा अपवाद फेंकून काम तेथेंच थांबवावें. मग तो झेलणारा भेटेपर्यंत तक्रार पायरीपायरीनें वर जाते.

परीक्षकाचें उदाहरण घेऊं. उत्तरपत्रिकेंत चुका सांपडणें हें त्यास नवल नव्हे. सर्व चुका दाखवून, गुण देऊन तो पत्रिका परत करतो. परंतु गणिताच्या गठ्ठ्यांत भूगोलाची पत्रिका निघाली, तर गुण न देतां ती मुख्याध्यापकांकडेच धाडावी. तद्वत् अर्ज भरणारा वयाच्या रकान्यांत ‘साठ’ असें अक्षरांत लिहील, हें अपेक्षितच. तेथें सर्व चुका एकदम सांगणारें उत्तर द्यावें. पहिल्याच चुकीशीं अडून त्यास पुनःपुन्हां फेऱ्या घालावयास लावूं नये. मात्र तपासणी होऊन आंत गेलेली माहिती अशुद्ध निघाली, तर दोष आज्ञावली लिहिणाराचा. तेथें अपवादच योग्य.

उत्तर देतांना तें खऱ्या उत्तराशीं मिसळूं नये. ‘सी’ भाषेंतील ‘अ‍ॅटोआय’ या फंक्शनास अक्षरें दिलीं तरी सामान्यतः ० मिळतें आणि ० दिलें तरी ०च. जणूं गैरहजर विद्यार्थ्यास शून्य गुण! ‘पायथन’ अशा वेळीं अपवाद फेंकतें. ‘सी-शार्प’ भाषेंत दोन्ही सोयी आहेत: ‘पार्स’ अपवाद फेंकतें, ‘ट्रायपार्स’ जमलें कीं नाहीं तें निराळें सांगतें.

अपवाद फेंकणाऱ्यानें झेलणारा कोण, हें आधींच ठरवावें. ४ जून १९९६ रोजीं युरोपच्या ‘एरियान ५’ अग्निबाणांत एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेंत मावेना. अपवाद उठला, पण तो झेलण्याची योजना नव्हती. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली व सुमारें ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. तक्रार करणें सोपें. ती ऐकणारा नेमणें हेंच खरें शहाणपण.