पोच



गेल्या पावसाळ्यात डिंभे परिसरातल्या एका मैत्रिणीने आपल्या अंकासाठी कथा पाठवली. वहीची सात पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं, बुडालेली जमीन उघडी पडते आणि एक म्हातारी आपल्या घराचं जोतं शोधायला निघते, एवढीच गोष्ट. आम्हाला आवडली. पुढच्या अंकात घेऊ असं ठरलं आणि पानं फाइलमध्ये गेली. तिला कळवायचं मात्र राहून गेलं.

फेब्रुवारीत बैठकीसाठी गेले, तेव्हा तिने काही विचारलं नाही. मीच विषय काढला. म्हणाली, "ताई, तुमचं काही आलं नाही. वाटलं, हे आपलं काम नव्हे. मग हातच चालेना."

लेखकाच्या कोऱ्या दिवसांबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. काही सुचत नाही, कागद समोर तसाच पडून राहतो. आपल्या मैत्रिणीचा दिवस कोरा नसतो. पाणी, भाकऱ्या, गुरं, पावसात भातलावणी, हंगामात हिरडा गोळा करणं. दिवस गच्च भरलेला असतो आणि वही तेवढी कोरी राहते. म्हणून बाईला लिहायला वेळ हवा, हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरंच आहे. पण तिने आणखी एक सांगितलं. दिवाळीनंतर मुलं मामाकडे गेली, चार दिवस मोकळे मिळाले, तरी एक ओळ लिहून झाली नाही. म्हणजे नुसता वेळ पुरत नाही. आपलं लिहिणं कुणीतरी वाचतंय, हा भरवसाही लागतो.

हे आजचंच नाही. शाळेत न गेलेल्या काशीबाई कानिटकर कादंबरीकार झाल्या, 'रंगराव' १९०३ साली पुस्तकरूपाने आली. त्यामागे त्यांची जिद्द होतीच, पण हरिभाऊ आपटे त्यांचं लिखाण वाचत होते, पत्रांतून त्यावर बोलत होते. बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान सांभाळून लिहीत. त्यांचं लिखाण कथा नव्हे, स्वतःचं आणि समाजाचं जगणं. सुमारे वीस वर्षं त्यांनी ते घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते वाचलं, छापायचा आग्रह धरला. आधी 'स्त्री' मासिकातून आणि मग १९८६ साली पुस्तक म्हणून 'जिणं आमुचं' आपल्यापर्यंत पोचलं. विचारणारं कुणी भेटलंच नाही, अशा किती वह्या चुलीत गेल्या असतील?

कौतुक म्हणजे पाठ थोपटणं नव्हे. "बाई असून छान लिहिते" हे तर कौतुकच नाही. मी तिला एवढंच सांगितलं की, म्हातारी जोत्यावर पोचल्यावर आधी चुलीची जागा चाचपते, ते वाचून मी थांबले होते. ती एकदम म्हणाली, "तेच मी तीनदा खोडून लिहिलं होतं!"

पंधरा दिवसांत तिची दुसरी गोष्ट आली. पहिलीइतकी जमलेली नाही. काय जमलं आणि काय नाही, दोन्ही तिला या वेळी लगेच कळवलं आहे. पहिली गोष्ट या अंकात छापली आहे.

बायकांचा आवाज दाबला जातो, असं आपण इतरांना सुनावतो. इथे तो आपल्याच फाइलमध्ये दबून राहिला. यापुढे आलेल्या प्रत्येक लिखाणाला महिन्याच्या आत उत्तर जाईल, छापणार असू वा नसू. आणि एक काम तुमचंही. ती कथा वाचा, आणि त्यातलं काय मनात राहिलं ते दोन ओळींत तिला लिहा. पत्रं आमच्याकडे पाठवा, पुढच्या बैठकीला जाताना मी घेऊन जाईन.