पऱ्हाटीचं तेल म्हणजे डिझेल नव्हे!

"पऱ्हाटीचं डिझेल करा, थेट ट्रॅक्टरमध्ये टाका" असे व्हिडिओ फिरतायत. मंडळी, टाकू नका! हवा न देता ५०० अंशाच्या आसपास पऱ्हाटी तापवली की वाफ थंड होऊन काळं, धुरकट वासाचं जैवतेल निघतं. त्यात जवळपास पाव हिस्सा पाणी, आम्लता व्हिनेगरसारखी, उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी. डिझेलमध्ये मिसळत नाही, ठेवलं की घट्ट होतं. पंप-नोझलची वाटच. सुधारायला हायड्रोजन, उत्प्रेरक, जबर दाब लागतो. बांधावर कुठून आणणार? योग्य बर्नर आणि स्टेनलेस पाइप असतील तर कारखान्याच्या बॉयलरला मात्र चालतं. तिथं जाळा की! आणि पऱ्हाटी फुकट नेणाऱ्यांनो, उरलेला कोळसा तरी रानात परत टाका, पालाश बहुतेक त्यातच राहतं. तेलही तुमचं, कोळसाही तुम्हीच विकणार?