दातृत्वाची स्तुती आणि सातबाऱ्याचा उतारा

वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे मूठभर. आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावी एखादे कॅथोलिक घर पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेत टिकून राहिले असेल, तर त्याचे श्रेय बहुधा धर्मगुरूचे नसते, धर्मशिक्षकाचेही नसते; ते त्या घरातील आजीचे असते. दिवेलागणीला नातवंडांना गोळा करून जपमाळ सुरू करणारी तीच. पऱ्हाटीची वेचणी ऐन भरात असली तरी रविवारची मिस्सा न चुकविणारी तीच. दारी आलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे न विचारता त्याच्यापुढे भाकर ठेवणारी, शेजारच्या बाळंतिणीला लुगडे नेऊन देणारी, धर्मग्रामाच्या सणाला कणगीतले पहिले माप काढणारीही तीच. अशी माउली नव्वदी गाठून प्रभूच्या घरी जाते, तेव्हा सारा गाव लोटतो, आणि तो लोटावा हे योग्यच आहे.

मग भाषणे सुरू होतात. लॅटिन विधीच्या मिस्साग्रंथातील सर्वसाधारण निर्देशांचे 382 वे कलम सांगते की, अंत्यविधीच्या मिस्सेत लहानसे प्रवचन असावे. मृताच्या गुणगौरवाचे भाषण मात्र नसावे. हा नियम आपल्याकडे कितपत पाळला जातो, हे प्रत्येक धर्मग्रामस्थ जाणतो. मुलगा बोलतो, जावई बोलतो, सरपंच बोलतात. ‘आईने आयुष्यभर फक्त दिले, काही मागितले नाही,’ हे वाक्य तर प्रत्येक अंत्यविधीला ठरलेले. आमचा वाद या वाक्याशीच आहे.

आईने आयुष्यभर दिले, हे कबूल. पण दिले ते कशातून? ज्या वावराच्या उत्पन्नावर घर चालले, त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव होते काय? पती निवर्तल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद झाली, फेरफार झाला, तेव्हा तिचा हिस्सा तिला कोणी समजावून सांगितला काय? की ‘आई, येथे अंगठा कर’ एवढेच सांगितले? जिच्या नावावर काही राहू दिले नाही, तिच्या औदार्याचे पोवाडे गाणे सोपे असते. ती देत होती ते स्वतःच्या ताटातले, झोपेतले आणि कष्टातले. ‘काही मागितले नाही’ या स्तुतीचा खरा अर्थ पुष्कळदा असा असतो की, तिने आपल्या हक्काचे मागितले नाही आणि आपणही ते दिले नाही.

कायदा येथे संदिग्ध नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. पती मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर एक तृतीयांश पत्नीचे. उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत समान. येथे मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. विवाहित आणि अविवाहित असाही भेद नाही. विधवा माता मृत्युपत्राविना गेली, तर तिचा वाटाही मुलगे आणि मुली यांना सारखाच जातो. केरळात 1916 च्या त्रावणकोर कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याच्या चतुर्थांशाइतके किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच ठेवले होते. मेरी रॉय नावाची एक ख्रिस्ती माता त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1986 मध्ये न्यायालयाने तेथील मुलींनाही 1925 च्या अधिनियमाचा समान हक्क दिला. केरळातील बहिणींना ज्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ते आपल्याकडील बहिणींना कायद्याने आधीपासूनच आहे. त्यांच्या हाती ते पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

हाती का पडत नाही? कारण महिन्याच्या मिस्सेचे जेवण आटोपते न आटोपते तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. डोळ्यांचे पाणी न खळलेल्या लेकीला सांगितले जाते, ‘आईसारखे मोठे मन कर.’ आईच्या दातृत्वाचे स्मरण लेकीच्या सहीसाठी वापरावे, याहून त्या माउलीची मोठी विटंबना कोणती?

यावर जी उत्तरे मिळतात, ती आम्हांस ठाऊक आहेत. ‘तिच्या लग्नात खर्च केला.’ केला असेल. पण भावाच्या लग्नातही मांडव पडला होता, त्याचा हिशेब त्याच्या वाट्यातून कोणी वजा केला? ‘वावराचे तुकडे पडतील.’ तीन भावांत वाटणी होते तेव्हाही तुकडे पडतातच. मग चौथी बहीण आली की मोजणी का अडते? जमीन फोडायची नसेल तर तिच्या वाट्याची रास्त किंमत द्यावी. ‘माहेर तुटेल.’ जे माहेर बहिणीच्या सहीवरच टिकून असते, ते आधीच तुटलेले असते. ‘धर्मगुरूने घरच्या व्यवहारात पडू नये.’ घराला आशीर्वाद द्यायला, मुलांना बाप्तिस्मा द्यायला, आजारी आजीच्या उशाशी बसायला धर्मगुरू चालतो. न्यायाचा शब्द काढला की तेवढा परका होतो काय?

लेकीने समजून-उमजून, मोकळ्या मनाने आपला वाटा सोडला, तर त्यास आमची हरकत नाही. ते दान आहे. परंतु जे आपले आहे हे ठाऊकच नाही, किंवा नाही म्हणायची सोय नाही, ते सोडण्यास दान म्हणत नाहीत.

मार्कच्या शुभवर्तमानातील विधवेची दोन नाणी आपण ऐकतो आणि तिच्या त्यागाने गहिवरतो. त्या प्रसंगाच्या अगदी आधी प्रभू येशू काय बोलला, ते मात्र कानाआड होते. लांबलचक प्रार्थनांचा देखावा करणारे आणि विधवांची घरे गिळंकृत करणारे शास्त्री, यांच्यावर त्याने तेथे कडक शब्दांत कोरडे ओढले आहेत. दोन्ही गोष्टी लागोपाठ याव्यात, यात आम्हांला अर्थ दिसतो. विधवेचे औदार्य पाहावे, पण तिच्याजवळ दोनच नाणी का उरली, हेही विचारावे. ईयोबाच्या ग्रंथाचा शेवटही पाहावा. त्याला सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. ग्रंथात नावे आली आहेत ती मुलींची, आणि त्याने भावांबरोबर त्यांनाही वतन दिले, असे तेथे नमूद आहे.

या जिल्ह्याला तर वाट्याची भाषा शिकवावी लागू नये. पवनारच्या विनोबांनी 1951 मध्ये भूदान आरंभिले तेव्हा, घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, अशी त्यांची मागणी होती. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज (1893–1979) त्या कार्यात त्यांच्या बरोबर होत्या. भूमिहीनांसाठी त्यांनी कूपदान मागितले, आणि त्यांच्या सेवेचा गौरव म्हणून 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. परक्याला सहावा पुत्र मानण्याची शिकवण ज्या मातीतून निघाली, तेथे पोटची लेक मोजणीतून वगळली जावी, हे लाजिरवाणे आहे.

संत मोनिका 387 मध्ये ऑस्तिया येथे वारली. आपल्याला कोठे पुरावे याची तिने चिंता केली नाही. वेदीजवळ आपली आठवण ठेवावी, एवढेच तिने मुलांजवळ मागितले. आपल्या आजींनाही संगमरवरी थडगे नको असते. त्यांची आठवण ठेवायची तर ती वेदीजवळ ठेवावी आणि वेदीपासून घरी जाताना न्यायाने ठेवावी. पती वारल्यावर विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढवा, ती हयात असतानाच. तिला मृत्युपत्र करायचे असेल, तर ते तिच्या मनाचे असू द्या. ती गेल्यावर निदान वर्षभर कोणत्याही बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवू नका. आणि ठेवाल तेव्हा तिचा वाटा किती, हे आधी कागदावर लिहून तिच्या हाती द्या.

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईचे नाव त्याआधीही लिहिले जात होते. ख्रिस्तसभेच्या वहीत जी आई आहे, ती तलाठ्याच्या वहीतून गाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? याचे उत्तर ज्या घराजवळ नसेल, त्या घराने पुढच्या अंत्यविधीला आईच्या दातृत्वावर बोलण्यासाठी उभे राहू नये.